हवापालट

दर पावसाळ्यात आमच्या न्हाणीघराचं दार फुगतं. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात ते चौकटीला घासू लागतं, जुलैत खांद्यानं रेटल्याशिवाय लागत नाही आणि गणपती गेले की आपोआप शहाण्यासारखं वागू लागतं. एका वर्षी मी कंटाळून सुताराला बोलावलं. तो म्हणाला, 'पाऊस जाऊ द्या.' मी ऐकलं नाही. त्यानं ऐन जुलैत रंधा मारून दिला आणि दार सुरेख लागू लागलं. मार्चमध्ये मात्र दार आणि चौकट यांच्यात एवढी फट पडली, की आतला दिवा बाहेरून दिसावा. मी सुताराच्या नावानं बोटं मोडू लागलो, तेव्हा सौ. म्हणाली, 'त्याला कशाला बोलता? घाई तुमची होती.'

हे वाक्य मला जरा जास्तच लागलं. कारण त्याच न्हाणीघराच्या माळ्यावर तेव्हा एक गिटार पडून होती आणि तिचीही हकीकत थोडीफार हीच होती.

मी बँकेत अडतीस वर्षं नोकरी केली. या नोकरीत माणूस दोन गोष्टी हमखास शिकतो. एक, दुसऱ्याच्या पैशांची काळजी करायला आणि दुसरी, दर तीन वर्षांनी बिऱ्हाड बांधायला. १९९४ च्या जूनमध्ये माझी मडगावच्या शाखेत व्यवस्थापक म्हणून बदली झाली. जुन्या वळणाच्या एका घराचा अर्धा भाग आम्हाला भाड्यानं मिळाला. संध्याकाळी शेजारच्या ओट्यावर मंडळी जमत. एकाकडे व्हायोलिन, एकाकडे गिटार, एकाकडे घुमट, म्हणजे मातीच्या मडक्याला चामडं ताणून केलेलं तालवाद्य. मांडो सुरू झाला की आमची दहा वर्षांची लेक गडग्याला टेकून ऐकत राही. आमच्या घराण्यात पेटी होती, तबला होता, गिटार कुणी पाहिलीही नव्हती. पण पोरीनं हट्ट धरला तो गिटारीचाच.

तिच्या शाळेतल्या संगीत शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं, की जवळच्याच एका गावात एक मेस्त आहे. गोव्यात सुताराला मेस्त म्हणतात. हा मेस्त चर्चच्या खिडक्या, वेदीचं कोरीव काम करी, व्हायोलिनं दुरुस्त करी आणि वर्षाकाठी एखाद-दुसरी गिटार हातानं घडवी. नाव ऐकलं आणि माझ्या लक्षात आलं, हा तर आपला कर्जदार! करवतीच्या यंत्रासाठी त्यानं आमच्या शाखेतून कर्ज घेतलं होतं आणि दोन हप्ते थकले होते.

१९९५ च्या जुलैत मी त्याच्या शेडमध्ये गेलो. पत्र्यावर पाऊस असा कोसळत होता की बोललेलं ऐकू येऊ नये. त्यानं मला एक जुनाट फळी दाखवली. कुठल्याशा बंगल्यातला पियानो दमट हवेनं निकामी झाला होता. त्याच्या पोटातली स्प्रूसची ध्वनिफळी तेवढी शाबूत राहिली होती. ती त्यानं विकत घेऊन जपून ठेवली होती. 'हिची गिटार चांगली होईल,' तो म्हणाला. मी म्हटलं, 'उत्तम. १४ ऑगस्टला लेकीचा वाढदिवस आहे.'

त्यानं मान हलवली. 'आतां नाका, सायब. लांकूड उदक पियेलां. नाताळा उपरांत करूंया.'

लाकूड पाणी प्यालेलं आहे, नाताळानंतर करू. एवढं साधं वाक्य. त्यावर मी हसत हसत म्हणालो, 'मेस्त, तुमचे हप्ते नाताळपर्यंत थांबतील, पण माझी लेक थांबणार नाही.'

मी विनोद केला होता. निदान मला तसं वाटलं होतं. त्यानं माझ्याकडे क्षणभर पाहिलं आणि 'बरें' म्हणाला.

वाढदिवसाच्या दोन दिवस आधी गिटार घरी आली. वरची फळी त्या पियानोची, बाजू आणि पाठ फणसाच्या लाकडाची, ताज्या हळदीसारख्या पिवळ्या रंगाची. त्यानं सांगितले तेवढे पैसे मी मोजून दिले. एक रुपया कमी केला नाही. बराच काळ मला याचाच अभिमान होता.

आता थोडं लाकडाविषयी. हे सारं मला फार उशिरा कळलं; वाचकांना वेळेवर कळावं.

झाड तोडल्यावर लाकूड मरतं, पण त्याची हवेशी देवघेव थांबत नाही. बँकेत रोज संध्याकाळी जसा ताळमेळ घालतात, तसा लाकूड आपल्यातल्या पाण्याचा ताळमेळ भोवतालच्या हवेशी सतत घालत असतं. हवेची आर्द्रता ४५ टक्के असेल तर लाकडात त्याच्या कोरड्या वजनाच्या आठ-साडेआठ टक्के पाणी राहतं. आर्द्रता ८५ टक्के झाली तर हाच आकडा सतरा-अठरापर्यंत जातो, आणि २५ टक्क्यांवर उतरली तर पाचाच्या आसपास येतो. पाणी आत शिरलं की लाकूड फुगतं, बाहेर पडलं की आकसतं. गंमत अशी, की ते लांबीत जवळजवळ बदलत नाही, बदलतं ते फक्त रुंदीत. गवताची पेंढी भिजली तर जाड होते, लांब होत नाही, तसंच.

आता गिटारीची रचना पाहा. तिचा आवाज मुख्यतः वरच्या फळीतून येतो. स्पेनमधल्या आन्तोनिओ दे तोरेस या थोर कारागिरानं १८६२ मध्ये एक गिटार बनवली, तिच्या बाजू आणि पाठ चक्क कागदाच्या लगद्याच्या होत्या. फळी चांगली असली की बाकीचं दुय्यम, हे त्यातून दिसावं. ती गिटार आजही बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे. ही वरची फळी जेमतेम अडीच-तीन मिलिमीटर जाड असते. सर्वांत रुंद जागी ती अडतीसेक सेंटिमीटर भरते. नायलॉनच्या सहा तारा तिला चाळीसेक किलोंच्या जोरानं ओढत असतात. पोलादी तारा असतील तर हा ओढा सत्तर किलोंच्या पुढे जातो. एवढा भार पेलावा म्हणून फळीच्या आतून लाकडाच्या आधारपट्ट्या चिकटवतात आणि त्यांतल्या बऱ्याच फळीच्या रेषांना आडव्या जातात. म्हणजे फळीला रुंदीत फुगायचं किंवा आकसायचं असतं, आणि पट्ट्या व कडा तिला सोडत नाहीत.

मी जन्माचा हिशेबनीस, म्हणून पुढे एकदा आकडेमोडही करून पाहिली. स्प्रूसची फळी दर एक टक्का पाण्यामागे रुंदीत सुमारे हजारात दीड भाग बदलते. पाणी सतराचं पाच टक्क्यांवर आलं तर अडतीस सेंटिमीटरची फळी जवळपास सात मिलिमीटर आकसू पाहते. हा कागदावरचा हिशेब झाला. घराच्या भिंतींआड हवा इतकी टोकाची नसते, म्हणून निम्मं धरा. तरी तीन-साडेतीन मिलिमीटर, म्हणजे फळी स्वतः जेवढी जाड, तेवढी किंवा त्याहून थोडी अधिक. जागच्या जागी धरून ठेवलेली फळी एवढं आकसायला निघाली की फाटणारच.

म्हणूनच जगभरचे गिटारी घडवणारे कारागीर आपली खोली ४०-५० टक्क्यांच्या दरम्यान ठेवतात, आणि ज्यांच्याकडे यंत्र नसतं ते कोरड्या दिवसांची वाट पाहतात. कोरड्या हवेत जोडलेली गिटार दमट प्रदेशात गेली, तर तिची फळी फुगून मधून वर येते, तारा पडद्यांपासून उचलल्या जातात, बोटं दुखतात, आवाज घोंगडीखालून आल्यासारखा येतो. पण हवा सुधारली की बहुतेक वेळा ती पूर्ववत होते. उलट, दमट हवेत जोडलेली गिटार कोरड्या प्रदेशात गेली तर तिला परतीची वाट नसते. फुगलेलं खाली बसतं, फाटलेलं मिटत नाही. मेस्तला हे ठाऊक होतं. मला फक्त तारीख ठाऊक होती.

गोव्यात आमच्या घरी ती गिटार दोन पावसाळे नीट राहिली. नीट म्हणजे तिथल्या मानानं. जुलैत तारा गंजत, खुंट्या अडकत, पेटीच्या मखमलीवर पांढरी बुरशी धरे. कोकणात मिठाच्या बरणीत तांदळाचे दाणे टाकतात, तशी सौ. मलमलीच्या कापडात कोरडे भाजलेले तांदूळ बांधून पेटीत ठेवी. शिकवणाऱ्या बाईंकडे वाद्यांच्या कपाटात पंधरा वॅटचा दिवा रात्रंदिवस जळत असे. त्यानं हवा जराशी ऊबदार आणि कोरडी राहते. दमट हवेची आणखी एक खोड त्यांनी दाखवली. फळीवर तारा धरून ठेवणारी जी घोडी असते, तिच्या मागच्या कडेखाली त्या पोस्टकार्ड सरकवून बघत. कार्ड आत गेलं की समजायचं, ओल आणि उकाडा यांनी चिकट ढिला पडतोय, तारा उतरवून कारागिराकडे धावायचं.

लेक छान वाजवू लागली होती. दुसऱ्या नाताळात तिनं शाळेत व्यासपीठावर बसून साथ केली. पहिल्या रांगेत मेस्तही होता. त्याचं कर्ज त्याच महिन्यात फिटलं होतं, मुदतीच्या आधी. दोन थकलेले हप्ते त्यानं कधीच भरून टाकले होते, बहुधा गिटारीच्या पैशांतून. मी त्याच्याशी हस्तांदोलन केलं. तो म्हणाला, 'हिला फार लांब नेऊ नका, सायब.' मला वाटलं, तो लेकीविषयी बोलतोय.

१९९७ च्या एप्रिलमध्ये बढती आली आणि तिच्याबरोबर बदली, सोलापूरला. बढती नाकारून आणखी वर्षभर मडगावात राहता आलं असतं. सौ.नं तसं सुचवलंही. लेक सातवी संपवून आठवीत जाणार होती, तिच्या मैत्रिणी तिथं होत्या, बाई होत्या. मी म्हटलं, मुलं कुठेही रुळतात. मेच्या दुसऱ्या आठवड्यात ट्रक भरला. अनमोडचा घाट चढून बेळगाव, विजापूरमार्गे सोलापूर. समुद्रकाठच्या हवेतून एका दिवसात आम्ही पठारावर आलो, तिथं मे महिन्यात दुपारची आर्द्रता पंचवीस-तीस टक्क्यांवर उतरते आणि पारा चाळिशीच्या वर असतो. गिटार ट्रकमध्ये गाद्यांवर ठेवली होती, आपटू नये म्हणून. उन्हाचा विचार कुणाच्या डोक्यात आला नाही.

आठवडाभरानं, दुपारी सगळे आडवे झालेलो असताना, आतल्या खोलीतून टाक्कन आवाज आला. वाटलं, दिव्याचा बल्ब फुटला. लेक आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. फळीला घोडीपासून थेट खालच्या कडेपर्यंत चीर गेली होती, काडेपेटीतली काडी सहज बसावी एवढी. ती रडली नाही. पेटीचं झाकण लावत म्हणाली, 'राहू द्या बाबा.'

मी थोडाच राहू देतोय! सोलापुरात गिटार दुरुस्त करणारं कुणी सापडलं नाही, तेव्हा कामानिमित्त मिरजेला गेलो असताना गिटार बरोबर नेली. मिरज हे तंतुवाद्यांचं माहेर. तिथल्या सतारींना आणि तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. त्यांना लागणारे मोठे भोपळे येतात ते सोलापूर जिल्ह्यातून, पंढरपूर-मंगळवेढ्याकडून. एका वयस्क कारागिरानं गिटार हातात घेतली, चिरेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, 'साहेब, हे आमचं काम नाही. पण लाकूड तहानलंय. पाऊस पडू द्या, चीर आपोआप जवळ येईल, मग काय ते करा. आत्ता काही भरू नका.'

दुसऱ्यांदा मला थांबायला सांगण्यात आलं, आणि दुसऱ्यांदा मी थांबलो नाही. घरी येऊन मी बाजारातला पांढरा डिंक आणि लाकडाचा भुसा यांचा लगदा केला आणि चीर लिंपून टाकली. वरून पॉलिशचा हात दिला. लेकीला दाखवली. ती 'छान' म्हणाली. सप्टेंबरात हवेत ओल आली, फळी पुन्हा रुंदावू लागली. पण चिरेची जागा आता मी भरून टाकली होती. फळीला सरकायला वाव उरला नाही. घोडीची मागची कड उचलली गेली आणि शेजारी दुसरी चीर गेली. त्यानंतर ती पेटी उघडली गेली नाही. सोलापूर, नागपूर, पुन्हा मुंबई आणि शेवटी पुणे, प्रत्येक बिऱ्हाडात ती माळ्यावर चढत गेली, आणि माळा ही घरातली सर्वांत तापणारी जागा.

मी २०१८ मध्ये निवृत्त झालो. पुढच्या वर्षी मडगावला गेलो, तेव्हा मेस्तची शेड जाऊन तिथं तीन मजली इमारत उभी होती. मेस्त वारल्याला चार-पाच वर्षं झाल्याचं समोरच्या दुकानदारानं सांगितलं. मी शहाळं पिऊन परतलो.

२०२३ च्या गणपतीत लेकीचा सिंगापूरहून फोन आला. ती गेली बारा वर्षं तिथं आहे. इकडचं तिकडचं बोलून म्हणाली, 'बाबा, ती गिटार अजून आहे? हिला शिकायचंय म्हणे.' ही म्हणजे माझी नात, दहा वर्षांची. मी म्हटलं, 'आहे.' फोन ठेवल्यावर स्टुलावर चढून पेटी काढली. झाकण उघडलं आणि पुन्हा लावलं.

पुण्यातच एका तरुणाची माहिती मिळाली. इंजिनियरिंगची नोकरी सोडून तो गिटारी घडवतो. त्याच्या दहा बाय बाराच्या खोलीत शिरल्या शिरल्या भिंतीवर नजर जाते ती घड्याळाकडे नव्हे, आर्द्रतामापकाकडे. पावसाळ्यात खोलीतली ओल शोषणारं यंत्र चालू असतं, उन्हाळ्यात ओल देणारं. त्यानं गिटार पाहिली आणि विचारलं, 'घाई आहे का?'

'नाही,' मी म्हटलं. हे उत्तर द्यायला मला अठ्ठावीस वर्षं लागली होती.

त्यानं तीन आठवडे काही केलं नाही. गिटार फक्त त्या खोलीत ठेवली, पेटीत ओलसर स्पंज घालून. पाणी हळूहळू आत गेलं आणि चिरेच्या कडा एकमेकींकडे सरकल्या. मधल्या मधे त्यानं मी भरलेला लगदा सुईसारख्या हत्यारानं कणाकणानं काढला. त्याला त्या कामाला सर्वांत जास्त वेळ लागला आणि मी बसून ते पाहिलं. मग खोलीत ५० टक्के आर्द्रता असताना त्यानं चीर सरसानं जोडली, आतून स्प्रूसच्या छोट्या टिकल्या आडव्या लावल्या आणि घोडी उचलून पुन्हा बसवली. सरस का, विचारलं तर म्हणाला, 'ऊब आणि ओल दिली की सुटतो. पुढे कुणाला दुरुस्त करायची झाली तर फळी न फोडता करता येईल.' हाच सरसाचा दमट प्रदेशातला दोष आणि हाच त्याचा गुण.

एके दिवशी त्यानं दातांच्या डॉक्टरांकडे असतो तसला छोटा आरसा गोल भोकातून आत घातला आणि मला बोलावलं. फळीच्या आतल्या बाजूला पेन्सिलीनं फक्त महिना आणि वर्ष लिहिलं होतं : ७-९५.

'जुलै?' तो म्हणाला. 'गोव्यात? काका, ज्याचा हात इतका सुरेख आहे, तो फळी जुलैत चिकटवेल? त्याला हे कळत नसेल का?'

'त्याला कळत होतं,' मी म्हटलं. मग सगळं सांगितलं, त्या विनोदासकट. तो काही बोलला नाही. फळीवरून फडकं फिरवत राहिला.

त्या रात्री मी लेकीला फोन केला. सांगितलं की तुझी गिटार फाटली ती माझ्यामुळे. मेस्त नको म्हणत असताना मी त्याच्याकडून पावसात करून घेतली. त्याचे हप्ते थकलेले होते, मी व्यवस्थापक होतो, त्याला नाही म्हणता आलं नाही. ती ऐकत होती. मग म्हणाली, 'बाबा, चीर पडली म्हणून मी वाजवणं सोडलं नाही. सोलापुरात माझं कुणी नव्हतं. वाजवायचं कुणाबरोबर?' थोडं थांबून म्हणाली, 'पण मेस्तचं बरं केलंत सांगितलंत.'

इतकी वर्षं मी एका चिरेचा हिशेब करत होतो, आणि खतावणीत नोंद दुसरीच होती.

माझ्यासारखे अनेक आई-बाप मुलांसाठी गिटार घेतात, म्हणून शिकलेलं थोडं सांगतो. मूल नुकतंच शिकू लागलं असेल, तर स्वस्तातली प्लायवुडची गिटार बेलाशक घ्या. तिचे थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असतात, त्यामुळे ती हवेला फारशी दाद देत नाही. आवाज बेताचा, पण जीव चिवट. हातानं घडवलेली अखंड लाकडाची गिटार घेतलीत, तर तीन-चारशे रुपयांचा आर्द्रतामापकही घ्या. तो खरं बोलतो का, हे घरीच तपासता येतं. बाटलीच्या बुचात मीठ घेऊन ते चिखलाइतकं ओलं करा, मापकासह घट्ट झाकणाच्या बरणीत रात्रभर ठेवा. सकाळी काटा ७५ वर हवा. जितका मागे-पुढे असेल, तितकी त्याची चूक धरायची. गिटार ४५ ते ६० टक्क्यांच्या दरम्यान सुखात राहते. मुंबई-कोकणात पावसाळाभर ती पेटीत असावी, सोबत ओल शोषणाऱ्या पुड्या, आणि त्या पुड्या अधूनमधून वाळवायच्या किंवा बदलायच्या. बाहेरच्या भिंतीला पेटी टेकवू नये. बुरशी आली म्हणून गिटार पापडासारखी उन्हात कधीही घालू नये. पुणे, सोलापूर, नागपूरकडे काळजी उलटी : मार्च ते मे साबणाच्या डबीला भोकं पाडून त्यात पिळलेला स्पंज ठेवावा. एसी रात्री चालू आणि दिवसा खिडक्या उघड्या, या नव्या राहणीत तर लाकडाला रोजच घाट चढावा-उतरावा लागतो; तिथंही पेटी हाच उपाय.

दमट मुलखात चांगली गिटार होतच नाही, असं मात्र कुणी समजू नये. फिलिपाइन्समधल्या सेबूच्या माक्तान बेटावर हातानं गिटारी घडवणाऱ्यांची वस्ती आहे आणि तेही फणसाचं लाकूड वापरतात. आपली तंजावरची वीणा फणसाचीच. आणि जगातल्या कितीतरी उत्तम गिटारींची पाठ ज्या शिसवी लाकडाची असते, ते झाड आपल्या सह्याद्रीत, धो धो पावसात वाढतं. झाडाला पावसाचं भय नसतं. वाद्याला भय असतं ते एकदम हवा बदलण्याचं.

लेक आणि नात २०२३ च्या डिसेंबरात आल्या. सिंगापूरला बाहेरची हवा बारा महिने ऐंशीच्या आसपास, घरात एसी. मी त्या तरुणाला विचारलं, नेऊ द्यावी का? तो म्हणाला, 'आता ती पन्नासाला जोडलेली आहे. तिथं गेली तर जराशी फुगेल, तारा थोड्या वर येतील. त्या खाली घेता येतात. फक्त विमानातून उतरल्यावर पेटी लगेच उघडू नका. एक दिवस जाऊ द्या.' त्यानं तारा सैल केल्या, पेटीत मापक ठेवला.

त्या निघाल्या २९ डिसेंबरला. नाताळानंतर, मेस्तनं म्हटल्याप्रमाणे.

विमानतळावरून परतताना सौ. म्हणाली, 'पोहोचल्या पोहोचल्या ती पोर पेटी उघडणार बघा.' तिनं उघडली नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन आला, आधी आकडा सांगितला आणि मग तार छेडून दाखवली. तेव्हापासून दर रविवारी सकाळी तिचा फोन येतो. नमस्कार नाही, कसे आहात नाही. 'आजोबा, अठ्ठावन्न!' एवढंच म्हणते. मी वहीत तारखेपुढे आकडा लिहितो आणि म्हणतो, 'छान. आता वाजव.'